घोड्याला क्षय होत नाही म्हणतात

बँडवाल्याच्या दुकानामागच्या बोळात ती बांधलेली असायची. पांढरी घोडी, वरातीची. तिच्यापुढे कुटार कधी जमिनीवर टाकलेलं नसे. डांबराच्या रिकाम्या ड्रमवर घमेलं, घमेल्यात कुटार, वरून मूठभर भिजवलेला हरभरा. मालकाला विचारलं तर म्हणाला, "मान खालीच जात नाही ना तिची. खाते त बराबर, पण आंगाले लागूनच नाही राह्यलं." झूल आणि जरीचा साज चढवला की वरातीत कोणाला काही कळत नसे. खरारा करताना मात्र फासळ्या एकेक करून मोजता यायच्या.

दात कानशीने घासून झाले होते, जंताचं औषध दोनदा पाजून झालं होतं, सर्ऱ्याचं इंजेक्शन झालं होतं. शेवटी एका जाणत्याने मानेला डागही दिला. पावसाळ्यात ती गेली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून सापन नदीच्या अंगाला नेली, खड्डा काढला, वर मिठाचं पोतं रिकामं केलं आणि माती लोटली. पोट उघडून बघावं असं कोणाला सुचलं नाही. मलाही नाही.

पुढे जनावरांच्या रोगांवर वाचता वाचता एका जुन्या पाठ्यपुस्तकी वर्णनाशी मी अडखळलो. घोड्याच्या क्षयात मानेच्या मणक्यांत जीवाणू घर करतात, हाड सुजतं, मान आखडते आणि घोड्याला जमिनीवरचं खाता येईनासं होतं. मला ते ड्रमवरचं घमेलं आठवलं.

त्या घोडीला क्षय होता असं मी म्हणत नाही. मान आखडायला जुना मार, मणक्यांची झीज, चुकीच्या जागी टोचलेलं इंजेक्शन, कितीतरी कारणं पुरतात. पण ‘घोड्याला टीबी होत नाही’ हे वाक्य आपल्याकडे गोठ्यापासून दवाखान्यापर्यंत ज्या खात्रीने बोललं जातं, ते एकदा नीट तपासावं असं वाटलं ते तिच्यामुळे.

ज्या कुळाबद्दल बोलायचं ते मायकोबॅक्टेरियांचं. वऱ्हाडाला हे कुळ अनोळखी नाही. माणसाचा क्षय त्यातलाच, आणि अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 साली ज्यांच्यासाठी तपोवन उभं केलं त्यांचा कुष्ठरोगही त्यातलाच. कुष्ठाचा जीवाणू नॉर्वेच्या हॅन्सनने 1873 साली पाहिला, क्षयाचा रॉबर्ट कॉखने 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला. या कुळाची ओळख म्हणजे अंगावरचं मेणचट कवच. मायकोलिक आम्ल नावाच्या स्निग्ध द्रव्याने त्यांची भिंत इतकी जाड झालेली असते की साधा रंग आत शिरत नाही आणि तापवून शिरवला तर आम्लानेही निघत नाही. त्या कवचापायी त्यांची वाढ मात्र रेंगाळते. आतड्यातला साधा ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, क्षयाच्या जीवाणूला त्यासाठी पंधरा-वीस तास लागतात. प्रयोगशाळेत गाईच्या क्षयाचे जीवाणू डोळ्यांना दिसतील एवढे वाढायला सहा-आठ आठवडे जातात. रोगही तसाच रेंगाळत चालतो, आणि रेंगाळणारा रोग मालकाला रोग वाटतच नाही. घोडी ‘उतरली’ एवढंच तो म्हणतो.

घोड्याला यातले कोण गाठतात? तिघे मुख्य. पहिला गाईचा, मायकोबॅक्टेरियम बोव्हिस. दुसरा पक्ष्यांचा, एव्हियम, आणि त्याचे माती-पाण्यात राहणारे भाऊबंद. तिसरा माणसाचा, ट्युबरक्युलोसिस, पण तो घोड्यात फारच क्वचित. चौथाही एक आहे, गाई-म्हशींना जोन्स रोग देणारा पॅराट्युबरक्युलोसिस. 1895 साली जर्मनीत त्याचं वर्णन झालं. जोन्स रोगात जनावर हागवणीने सुकत जातं. घोड्यात हा जीवाणू सापडल्याच्या नोंदी तुरळक आहेत, म्हणून त्याच्यावर इथे जास्त थांबत नाही.

युरोपात एके काळी घोड्यांचा क्षय आजच्याइतका दुर्मीळ नव्हता. गाईंच्या कळपांत क्षय माजलेला होता, घोडे त्याच कुरणात चरत, त्याच हौदावर पाणी पीत, आणि आई मेलेल्या किंवा अशक्त शिंगरांना गाईचं कच्चं दूध पाजलं जाई. डेन्मार्कच्या बर्नहार्ड बांगने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाधित गाई वेगळ्या ठेवण्याची पद्धत बसवली, पुढे देशोदेशी तपासणी आणि कत्तलीच्या मोहिमा चालल्या, दूध तापवून देणं रूढ झालं. गाईंचा क्षय ओसरला तसा घोड्यांचाही ओसरला. आज तिकडे घोड्यांत जे तुरळक रुग्ण सापडतात ते बहुधा पक्ष्यांच्या किंवा मातीतल्या जीवाणूंचे. घोड्याचा बोव्हिस गाईकडून उसना आलेला असतो, एवढं यावरून निघतं. उसनं देणाराच उरला नाही, तर येणार कुठून?

आपल्याकडे देणारा उरला आहे. गाईंची क्षयासाठी तपासणी करून बाधितांना मारून टाकण्याची मोहीम भारतात झालेली नाही, का झाली नाही ते सांगायला नको. दक्षिण आशियातल्या गुरांत गेल्या काही वर्षांत बोव्हिसचाच एक सख्खा भाऊ, ओरिजिस, जनुकीय तपासणीत वारंवार दिसू लागला आहे. तेव्हा ‘गाईचा टीबी’ म्हणजे नेमका कोणता, याचा हिशोबही आपल्याकडे नव्याने मांडला जातोय. आणि वऱ्हाडातली घोडी राहते कुठे? गाईच्याच गोठ्यात, शेजारच्या दाव्याला. आंबवणाची बादली तीच, हौद तोच.

कोंबड्यांचं प्रकरण याहून गमतीचं. घोडा रवंथ करत नाही, त्यामुळे लिदीत अर्धेकच्चे हरभऱ्याचे दाणे पडतात. सकाळी पागेत गेलात तर घरच्या कोंबड्या लीद उकरून ते दाणे टिपताना दिसतील, आणि रात्री त्याच कोंबड्या गव्हाणीच्या काठावर बसून झोपतात. त्यांची विष्ठा सरळ गव्हाणीत. पक्ष्यांच्या क्षयाचा जीवाणू विष्ठेतूनच बाहेर पडतो आणि मातीत दीर्घकाळ टिकतो. अमरावती जिल्हा कुक्कुटपालनासाठी नावाजलेला, म्हणून कोणी लगेच पोल्ट्री शेडकडे बोट दाखवील. पण ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत बाजारात जातो, एवढ्या आयुष्यात हा मंद रोग उगवतच नाही. धोका असलाच तर दारातल्या तीन-चार वर्षांच्या म्हाताऱ्या गावठी कोंबडीचा, जिला ‘अंडी देते’ म्हणून कोणी कापत नाही.

आमच्या परतवाड्यापुरती आणखी एक गोष्ट. मेळघाटातला साग इथल्या वनखात्याच्या डेपोत येतो, लिलाव होतात, गावात आरा गिरण्या आहेत आणि लाकडाचा भुसा स्वस्त मिळतो. तो जनावराखाली अंथरायला जातो. युरोपातल्या डुकरांमध्ये एव्हियमचा उगम शोधताना संशोधक अशाच भुशापाशी आणि दलदलीतल्या कुजक्या मातीपाशी पोचले होते. ओला भुसा हे या जीवाणूचं आवडतं घर. म्हणून भुसा अंथरू नये असं नाही. कोरडा अंथरावा, आणि भिजला की काढावा.

आता घोड्याच्या अंगात काय होतं ते. माणसात क्षय म्हटला की छाती. घोड्यात सुरुवात बहुधा पोटातून होते, कारण जीवाणू खाण्या-पिण्यातून जातो. आतड्याच्या भिंतीत तो बसतो, आतड्याभोवतीच्या लसिकाग्रंथी फुगतात, पाणथरीत गाठी येतात. आतड्याचं अस्तर जाड होऊन खरवडल्यासारखं होतं, अन्न शोषलं जात नाही, रक्तातलं प्रथिन आतड्यातून गळत राहतं. मग घोडा खातो पण सुकतो. कधी पातळ लीद, कधी नाही. पोटाखाली, पायांत पाणी उतरतं. ताप येतो-जातो. काहींना लघवी वारंवार होते. रक्तातून जीवाणू फुप्फुसात पोचला तर तिथे बारीक दाणे उठतात आणि खोकला सुरू होतो, पण तो शेवटच्या टप्प्यात. क्वचित त्वचेवर गाठी आणि जखमा, क्वचित गर्भपात. आणि मानेचे मणके.

गाईच्या क्षयाची गाठ कापली की आत चक्क्यासारखा पिवळट भुगा निघतो आणि सुरीखाली चुन्याचे कण करकरतात. खाटकालाही ती ओळखता येते. घोड्याची गाठ असं काही करत नाही. ती बहुधा घट्ट, मांसल, पांढुरकी असते, चुना क्वचित धरते, आणि दिसायला सरळ कर्करोगाची गाठ वाटते. म्हणजे कोणी पोट उघडलं आणि पाणथरीत मुठीएवढी गाठ पाहिली, तरी ‘कॅन्सर’ म्हणून तो पोट शिवून टाकण्याचीच शक्यता जास्त. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकून पाठवला आणि झील-नील्सनचा रंग दिला, तरच खरं कळतं. तो रंग देताना पाहणं हा एक अनुभव आहे. काचपट्टीवर लालभडक कार्बोल फुक्सिन ओततात, खालून ज्योत दाखवून वाफ येईस्तोवर तापवतात, मग आम्ल घातलेल्या अल्कोहोलने धुतात. सगळं रंगहीन होतं. वरून निळा रंग देतात. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पेशींच्या गर्दीत कुंकवाच्या काड्या पडल्यासारखे लाल जीवाणू दिसतात, धुऊनही न निघालेले.

जिवंत घोड्यात निदान करणं आणखी अवघड. गाईला मानेच्या कातडीत ट्युबरक्युलिन टोचून सूज मोजतात. घोड्यात ही चाचणी फसवी आहे. निरोगी घोड्यालाही सूज येते, रोगी घोड्याला येत नाही. कॉखने 1890 साली क्षयावरचं औषध म्हणून जे ट्युबरक्युलिन काढलं ते औषध ठरलं नाहीच, पण गाईसाठी चाचणी म्हणून नावाजलं. घोड्यासाठी तेवढंही नाही. मग उरतं काय? रक्तातलं अल्ब्युमिन, पोटाची सोनोग्राफी, लिदीची रंगवलेली काचपट्टी, आणि गुदाशयाच्या अस्तराचा चिमटीएवढा तुकडा. हा शेवटचा उपाय सोपा आणि स्वस्त आहे. घोड्याला खाली पाडावं लागत नाही, आणि आतडं खरवडल्याची खूण त्यात बऱ्याचदा सापडते.

पण तिथवर पोचतो कोण? आपल्याकडे घोडा सुकला की क्रम ठरलेला आहे. आधी दात, कारण दाढांच्या कडा धारदार होऊन गाल फाटतात आणि घोडा चघळून टाकतो. मग जंत. मग सर्रा, रक्तातला परजीवी, चावऱ्या माश्यांनी पसरणारा. त्यानंतर, नाक वाहत असेल तर, ज्याचं नाव काढताच मालकाचा चेहरा उतरतो तो शेंबा, म्हणजे ग्लँडर्स. हा क्रम चुकीचा नाही. शंभरातल्या बहुतेक घोड्यांचं उत्तर पहिल्या तीन पायऱ्यांतच मिळतं. क्षय कितव्या पायरीवर येतो ते सांगता येत नाही, कारण त्याआधीच घोडा मेलेला असतो किंवा विकलेला.

शेंब्याशी या विषयाचं नातं जुनं आहे. तो मायकोबॅक्टेरिया नव्हे, वेगळ्या कुळातला. पण त्याच्या फुप्फुसातल्या दाण्यांना एकोणिसाव्या शतकात क्षयाच्या दाण्यांच्या शेजारीच बसवलं जाई. योग असा की 1882 सालीच, बर्लिनच्या त्याच सरकारी आरोग्य संस्थेत, कॉखचा सहकारी लोफ्लर आणि त्याच्याबरोबरच्या शुट्झने शेंब्याचा जीवाणू वेगळा काढला. इंग्रज सरकारला घोड्यांत रस होता तो लष्करापुरता. हिंदुस्थानातली जनावरांच्या रोगांची पहिली सरकारी प्रयोगशाळा डिसेंबर 1889 मध्ये निघाली ती पुण्यात, आल्फ्रेड लिंगार्डच्या हाताखाली. तो घोड्यांच्या सर्ऱ्यावर काम करत होता. 1893 साली प्रयोगशाळा हिमालयात मुक्तेश्वरला हलली, 1897 साली स्वतः कॉख तिथे येऊन गेला, आणि आजची बरेलीजवळची इज्जतनगरची संस्था तिचीच वारस. 1899 साली ग्लँडर्स आणि फार्सीचा (फार्सी म्हणजे शेंब्याचंच कातडीवरचं रूप) कायदा झाला, 1910 साली डोरिन या घोड्यांच्या दुसऱ्या रोगाचा. घोड्याच्या क्षयासाठी मात्र कायदा नाही, प्रयोगशाळा नाही, परिपत्रकही नाही.

माझ्या मते यात आश्चर्य काही नाही. आमचं परतवाडा म्हणजे हैदराबाद कंटिंजंटची छावणी, 1903 साली मोडली. म्हातारी माणसं अजून ‘एलिचपूर क्यांप’ म्हणतात. छावणीचा हिशोब साधा असतो. जो रोग आठवड्यात पागा रिकामी करतो त्याच्यावर कायदा होतो. जो एखाद्याच घोड्याला दोन वर्षं सुकवतो, त्याच्यावर तो घोडा लिलावात काढणं हाच उपाय. असे काढलेले घोडे टांग्यांना जायचे. शकुंतला गाडी येत होती तेव्हा अचलपूर स्टेशनबाहेर टांग्यांची रांग लागायची, त्यातल्या सुकलेल्या घोड्यांची कहाणी कोणी लिहून ठेवलेली नाही. सालोत्री, म्हणजे जुने अश्ववैद्य, होते, त्यांच्याकडे अश्वविद्येच्या पोथ्या होत्या, घोडा सुकण्याची नावंही होती. पोट उघडण्याची रीत त्यांच्यात नव्हती.

आजही ती नाही, आणि त्याचं एक कारण मला मान्य करावं लागतं. अचानक मेलेलं जनावर उघडू नये असं आपण शिकवतो, कारण फाशी रोगात म्हणजे अँथ्रॅक्समध्ये ते उघडणं म्हणजे बीजाणू गावभर उडवणं. शेंब्याचा संशय असलेला घोडाही उघडायचा नसतो, कारण तो रोग माणसाचा जीव घेतो. 2006 साली महाराष्ट्रात शेंबा बऱ्याच वर्षांनी उलटला तेव्हापासून तर घोड्याच्या मढ्याजवळ जायला सगळेच कचरतात. त्या वेळी रक्ताचे नमुने हरियाणात हिसारला, 1985 साली निघालेल्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जात, आजही जातात. 2009 च्या नव्या कायद्याने 1899 चा जुना कायदा मोडीत काढला, शेंब्याचा धाक तेवढाच राहिला. भीती रास्त आहे. पण जो घोडा वर्षभर सुकत होता, ज्याची शेंब्याची तपासणी नकारार्थी आली आहे, त्याला उघडायला काय हरकत? अकोल्याला पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, तिथल्या शवविच्छेदनाच्या टेबलापर्यंत अंजनगाव-अकोटमार्गे ट्रॉली पोचते. ती जात नाही ती डिझेलच्या पैशामुळे. मेलेल्या घोडीवर कोण खर्च करणार?

तेव्हा ‘दुर्मीळ’ या शब्दात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. घोडा या जीवाणूंना खरंच दाद देत नाही, हे जगभरच्या नोंदींवरून पटतं. क्षयग्रस्त गाईंच्या कळपाबरोबर चरलेल्या घोड्यांपैकीही थोडेच आजारी पडले. पण तिकडे तो दुर्मीळ आहे हे कत्तलखान्यांतल्या तपासणीतून, हजारो घोडे उघडून ठरलं. आपल्याकडे घोडा खाल्ला जात नाही, म्हणून उघडला जात नाही, आणि उघडला जात नाही म्हणून रोग नाही. हे वेगळ्या प्रकारचं दुर्मीळ आहे.

या कुळाचा एक चुलतभाऊ मात्र घोड्यांत मुळीच दुर्मीळ नाही. र्‍होडोकॉकस इक्वाय. 1923 साली स्वीडनच्या मॅग्नुसनने तो शिंगरांच्या फुप्फुसातल्या पुवातून काढला, तेव्हा नाव वेगळं होतं. अंगावर तेच मायकोलिक आम्लाचं कवच, आणि माणसाच्या क्षयासारखीच खोड: ज्या पांढऱ्या पेशीने त्याला गिळावं तिच्याच पोटात तो संसार मांडतो. राहतो लिदीच्या धुळीत. एक ते पाच महिन्यांची शिंगरं ती धूळ हुंगतात आणि त्यांच्या फुप्फुसात गळवं होतात. मोठ्या घोड्याला काही होत नाही. जिथे एकाच वाड्यात वर्षानुवर्षं शिंगरं जन्मतात तिथे, म्हणजे मोठ्या अश्वपैदास केंद्रांवर, हा रोग ठाण मांडतो. आपल्याकडच्या एकट्या घोडीच्या एकट्या शिंगराला तो गाठण्याची शक्यता कमी. गरिबीचा एवढा तरी फायदा. उपचार म्हणजे रिफाम्पिसिन आणि जोडीला मॅक्रोलाइड गटातलं औषध, आठवडेच्या आठवडे.

रिफाम्पिसिन म्हटलं की आपल्या कानांना ते ओळखीचं. सरकारी दवाखान्यातून क्षयरोग्याला मिळणारी, लघवी केशरी करणारी तीच गोळी. साठ किलोच्या शिंगराला ती दिवसाला साधारण माणसाइतकीच, सहाशे मिलिग्रॅम लागते. साडेतीनशे किलोच्या घोडीला द्यायची तर साडेतीन ग्रॅम, म्हणजे जवळजवळ सहा माणसांची मात्रा, तीही महिनोन्‌महिने आणि आणखी दोन-तीन औषधांच्या जोडीने. खर्च एक झाला. दुसरं, अर्धवट सोडलेल्या उपचाराने औषधाला न जुमानणारे जीवाणू पागेत पोसायचे, आणि पागेत माणसं झोपतात. म्हणून मोठ्या घोड्यात खरा क्षय ठरलाच तर उपचार करू नये, त्याला वेदनेशिवाय निरोप द्यावा, असाच जगभरचा कल आहे. मला तो पटतो. मालकाला पटवणं वेगळी गोष्ट, कारण घोडी सुकली तरी सीझनला उभी राहते.

माणसाला घोड्याकडून लागण होते का, हा प्रश्न बँडवाल्याने मला नंतर विचारला होता. घोडा हे जीवाणू बाहेर फार टाकत नाही, आणि त्याच्यापासून माणसाला क्षय झाल्याच्या नोंदी शोधाव्या लागतात. उलट दिशाही जवळजवळ बंद. हत्तीची गोष्ट निराळी. भारतातल्या पाळीव हत्तींमध्ये माणसाचा क्षय पुन्हा पुन्हा सापडला आहे. मेळघाटात कोलकासला पर्यटकांसाठी हत्ती आहेत. तिथून तासा-दोन तासांवर चिखलदऱ्याला पर्यटकांना फिरवणारी तट्टं. माणसं तीच, खोकला तोच. तट्टाची काळजी करण्याआधी हत्तीची करावी.

या आढाव्यातला सर्वांत विलक्षण भाग मात्र रोगाचा नाहीच. माणसाने हे जीवाणू मुद्दाम घोड्याच्या अंगात घातले आहेत, आणि त्यावर वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांचे जीव वाचले आहेत.

सोयाबीन सोंगताना घोणस चावली की तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जे प्रतिविष टोचतात ते घोड्याच्या रक्तातून येतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचं विष अगदी थोड्या मात्रेने सुरू करून घोड्याला टोचत जातात, घोडा त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतो, मग रक्त काढून त्यातून ती वेगळी करतात. मुंबईत परळची हाफकिन संस्था, 1899 साली प्लेगच्या प्रयोगशाळेची तिथे स्थापना झाली, या कामाचं महाराष्ट्रातलं जुनं घर; तिच्या औषधनिर्मिती महामंडळाचे घोडे पिंपरीला असतात. नुसतं विष टोचून घोड्याचं शरीर पुरेसं चिडत नाही. त्याला डिवचायला सोबत काहीतरी घालावं लागतं. ज्यूल्स फ्रॉइंडने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात असं एक मिश्रण काढलं: खनिज तेल आणि त्यात मारून टाकलेले क्षयाचे जीवाणू. त्या मेणचट कवचाला शरीर इतकं घाबरतं की शेजारच्या विषालाही शत्रू मानून जोरात लढतं. जगभरच्या सर्पविष प्रयोगशाळांनी हे मिश्रण वर्षानुवर्षं वापरलं, अजूनही पहिल्या टोचणीला काही ठिकाणी वापरतात. किंमत घोडा मोजतो. टोचल्या जागी गाठी उठतात, गळवं होतात, फुटतात. जीवाणू मेलेला असतो, पण गाठ क्षयाच्याच जातीची. आणि अशा घोड्याला ट्युबरक्युलिन टोचलं तर सूज येणारच. म्हणून आता एका जागी थोडंसंच टोचावं, जीवाणू नसलेलं तेल किंवा दुसरं काही वापरावं, यावर भर आहे.

याच युक्तीचं सौम्य रूप म्हणजे बीसीजी. घोड्यांच्या कातडीवर, विशेषतः डोळ्याभोवती, सारकॉइड नावाच्या चिवट गाठी येतात. कापल्या तर पुन्हा येतात. 1970 च्या दशकापासून पशुवैद्य त्या गाठीतच बीसीजी टोचत आले आहेत. आपल्या बाळांच्या दंडावर जी लस टोचतात तीच. डोळ्याजवळच्या गाठींवर तिचा गुण चांगला येतो; पायावरच्या गाठींवर बेताचाच. एखाद्या घोड्याला दुसऱ्या-तिसऱ्या टोचणीला जबर ॲलर्जी होऊन तो कोसळण्याचा धोका असतो, म्हणून जिवंत जीवाणूऐवजी त्याच्या भिंतीचा अर्क वापरायची पद्धत आली. माणसाच्या मूत्राशयाच्या कर्करोगावर बीसीजी वापरतात ती याच जातीची विद्या.

आता परत आपल्याकडच्या घोड्यांकडे. 2019 च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून साधारण 3 लाख 40 हजार भरली, 2012 पेक्षा 45 टक्क्यांहून अधिक कमी. गाढवं तर 61 टक्क्यांनी घटली. घोडे कमी झाले म्हणजे घोड्यांचे डॉक्टर कमी झाले. नव्या पशुवैद्याचा सगळा दिवस गाई, म्हशी, शेळ्यांत जातो, आणि घोडी आली की तो मोबाइल काढून कॉलेजातल्या वर्गमित्राला विचारतो. यात त्याचा दोष नाही. त्याला एवढंच सांगता येईल की सुकून मेलेल्या, शेंब्यातून सुटलेल्या घोडीचं पोट उघडायची वेळ आली तर आतड्याच्या पदरातल्या ग्रंथी चाचपाव्यात, पाणथरी बाहेर काढून बघावी, आणि गाठ कर्करोगाची वाटली तरी तिचा एक तुकडा बाटलीत टाकावा. मानेचे मणके कुऱ्हाडीने फोडणं कष्टाचं काम आहे. ते कोणी करणार नाही हे मला माहीत आहे.

बँडवाल्याने पुढल्या वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेतून नवी घोडी आणली. पंचकल्याणी, अंगाने भरलेली, मान खाली घालून मजेत खाते. तिची गव्हाण मात्र त्याने विटा रचून छातीएवढी उंच बांधून घेतली आहे. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाला, "आता मले तशीच सवय पडली ना." रात्री त्या गव्हाणीच्या काठावर चार कोंबड्या झोपलेल्या असतात.